संथ खेळ (गोल्फ)

गोल्फमध्ये आपण पुढच्या गटापासून मागे पडत जायचे आणि मागच्या गटाला ताटकळत ठेवायचे, या प्रकाराला संथ खेळ म्हणतात. खेळणाऱ्यांच्या तोंडी शब्द ‘स्लो प्ले’ हाच. चौघांच्या गटाने, म्हणजे फोरबॉलने, चालत खेळून १८ होलची (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून झेंड्याच्या खळीपर्यंतचा एक टप्पा) फेरी चार ते सव्वाचार तासांत संपवली तर ती ठीक मानतात. पाच तास उलटले की मैदानावर कोणाचा तरी उद्धार सुरू होतो. मात्र संथपणा घड्याळावर कमी आणि पुढच्या गटाशी पडलेल्या अंतरावर जास्त मोजला जातो. मागे कोणीच नसेल तर रमतगमत खेळणाऱ्याने कोणाचे काही बिघडवलेले नसते.

पुण्यात गोल्फ खेळणारे थोडे आणि ‘गोल्फ क्लब चौक’ ठाऊक असणारे फार. येरवड्यातला हा चौक ज्या मैदानामुळे ओळखला जातो ते पूना क्लबचे. क्लब १८८६ सालचा. बावधन-लवळ्याच्या डोंगरउतारावर ऑक्सफर्डचे मैदान आहे आणि खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या आवारातही गोल्फ खेळला जातो. व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा ‘पूना क्लब ओपन’ येरवड्यात होते, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे खेळलेला उदयन माने पुण्याचाच. चौकात सिग्नलला अडकलेल्या माणसाला कुंपणाआडची हिरवळ पाहून हेवा वाटतो. आतही तशीच कोंडी झालेली असू शकते, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

कोंडी कशी होते

आतली कोंडी बहुधा पार तीनच्या होलवर होते. पार म्हणजे होल संपवायला अपेक्षित फटके. पार पाचच्या लांब होलवर एका वेळी तीन गट सहज मावतात: एक ग्रीनवर (खळीभोवतीच्या बारीक हिरवळीवर), एक फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या पट्ट्याच्या) मध्यावर, एक टीवर (पहिला फटका मारायच्या जागी). पार चारवर दोन मावतात. पार तीनवर मात्र टीवरूनच ग्रीन गाठायचे असते, त्यामुळे पुढचे चौघे ग्रीन सोडून जाईपर्यंत मागच्यांना चेंडूला हात लावता येत नाही. समजा, पहिल्या टीवरून दर ८ मिनिटांनी एक गट सोडला आणि पार तीनचा होल रिकामा करायला प्रत्येक गटाला १० मिनिटे लागली. दुसरा गट तिथे २ मिनिटे थांबेल, तिसरा ४ आणि दहावा १८. यात कोणीही रेंगाळलेले नाही. रविवारी सकाळी जास्तीत जास्त सभासदांना सोडायच्या नादात वेळापत्रकच घट्ट बसवले गेले, एवढेच. शिव्या मात्र पुढच्या गटाला पडतात.

यावर जुना तोडगा आहे. ग्रीनवर पोचलेल्या चौघांनी आपापले चेंडू खूण ठेवून उचलायचे, बाजूला व्हायचे आणि टीवरच्यांना हात करून मारायला सांगायचे. ते चालत येईपर्यंत पहिल्यांचे पटिंग, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवत खळीत घालणे, उरकते. चालण्याचा आणि पटिंगचा वेळ एकमेकांवर पडतो, म्हणून दोन-तीन मिनिटे वाचतात.

दुसरी कोंडी माणसांनी केलेली. बोरघाटात उजव्या लेनमध्ये घुसलेला ट्रेलर आठवावा. चालकाच्या दृष्टीने त्याचे काही चुकत नाही. रस्ता समोर मोकळाच आहे. समोर मोकळा आहे हीच तर तक्रार! गोल्फमध्येही तसेच: आपल्यापुढचा अख्खा होल रिकामा दिसू लागला की आपण मागे पडलो असे समजावे. मागे कोण आहे ते बघत बसण्यापेक्षा पुढे कोण दिसते ते बघावे.

वेळ जातो कुठे? चालण्यात वाटतो तितका जात नाही. पाय हळू चालणारे पण चेंडूपाशी पोचताच मारणारे ज्येष्ठ खेळाडू फेरी वेळेत संपवतात. साधारण नव्वद फटक्यांत फेरी संपवणारे चौघे मिळून ३६० फटके मारतात. प्रत्येक फटक्यामागे १५ सेकंद जास्त गेले तर फेरी दीड तासाने लांबते. हे १५ सेकंद म्हणजे हातमोजा घालणे, अंतर मोजणे, मारायची काठी (क्लब) बदलणे, हवेत गवताच्या काड्या उडवून वारा बघणे, आणि हे सगळे आपली पाळी आल्यावर सुरू करणे. दुसरा मारत असतानाच ही तयारी झाली, तर फेरीत तिचा वेगळा वेळ धरावाच लागत नाही.

टीव्हीचाही यात हात आहे. व्यावसायिक खेळाडू चेंडूमागे उभा राहून रेषा बघतो, दोनदा हवेत काठी फिरवतो, मागे सरतो, पुन्हा येतो. ते बघून शनिवारचा खेळाडूही तेच करतो. फरक इतकाच की व्यावसायिक हे सत्तर वेळा करतो आणि हा शंभर वेळा. मोठ्या स्पर्धांतही सूट असतेच असे नाही. २०१३ च्या मास्टर्स स्पर्धेत ग्वान त्यानलांग या अवघ्या १४ वर्षांच्या चिनी हौशी खेळाडूला संथ खेळाबद्दल एका फटक्याचा दंड झाला होता.

‘आधी तुम्ही’

संथ खेळाचे मूळ बेशिस्तीत आहे असा सर्वसाधारण समज असतो. तो अर्धाच खरा. बराचसा संथपणा सभ्यतेतून येतो.

गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम १७४४ सालचे, स्कॉटलंडमधल्या लीथ इथले. एकूण तेरा. त्यांतला बारावा सांगतो की ज्याचा चेंडू होलपासून सर्वांत लांब त्याने आधी खेळावे. टीवर मागच्या होलला ज्याचे फटके सर्वांत कमी त्याचा पहिला मान, ही प्रथाही अशीच रुळलेली. दोन्ही गोष्टी शिष्टाचार म्हणून शिकवल्या गेल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू आपली पाळी येईपर्यंत हात बांधून उभे राहायला शिकले. मानाचा खेळाडू झुडपात चेंडू शोधतोय आणि तिघे टीवर त्याची अदबीने वाट बघताहेत, हे दृश्य त्या शिकवणीचे फळ.

२०१९ साली आर अँड ए आणि यूएसजीए या दोन नियामक संस्थांनी नियमांची मोठी फेरमांडणी केली, तेव्हा हे बदलले. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या खेळात, धोका नसेल तर जो तयार असेल त्याने मारावे, याला नियमांनी उघड प्रोत्साहन दिले. इंग्रजीतला ‘रेडी गोल्फ’ हा शब्द त्यासाठीच. मॅच प्लेमध्ये, म्हणजे समोरासमोर एकेक होल जिंकायच्या खेळात, पाळीला डावपेचांचे महत्त्व असते, म्हणून तिथे वेळ वाचवायचा तर समोरच्याची संमती लागते. २७५ वर्षांची सवय मात्र नियम बदलल्याने जात नाही. पुण्यात बसच्या दारात ‘आधी तुम्ही’ म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही, पण त्याच माणसाला टीवर उभे करा, तो लखनौचा नवाब होतो.

त्याच फेरमांडणीत आणखी काही गोष्टी आल्या. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी ५ मिनिटे मिळत, आता ३. पाळी आल्यावर फटका ४० सेकंदांत मारावा अशी शिफारस आहे. पटिंग करताना झेंड्याची काठी होलमध्येच राहू दिली तरी चालते. विनाकारण उशीर केल्यास स्ट्रोक प्लेमध्ये पहिल्यांदा एक फटका दंड, दुसऱ्यांदा दोन, तिसऱ्यांदा स्पर्धेतून बाद. शिष्टाचाराचे जे स्वतंत्र प्रकरण नियमपुस्तकाच्या सुरुवातीला असे तेही गेले. त्याचा आशय आता खेळाडूच्या वर्तनाविषयीच्या नियमात आहे. जुन्या प्रकरणातले एक वाक्य मात्र अजून लोकांच्या डोक्यात आहे आणि असावे: पुढे एक होल रिकामा पडला असेल आणि मागचे खोळंबले असतील, तर त्यांना पुढे जाऊ द्यावे.

ग्रीनवर

शिष्टाचार सगळाच वेगाच्या विरोधात नाही. काही कामांना वेळ द्यायलाच हवा. उंचावरून आलेला चेंडू ग्रीनवर पडतो तिथे छोटा खळगा पडतो. तो बुजवताना नवखा खेळाडू दुरुस्तीचा दुपाती काटा खळग्याच्या मधोमध खुपसतो आणि माती उचकटून वर काढतो. त्याने मुळे तुटतात आणि तिथे तपकिरी ठिपका पडतो. काटा खळग्याच्या कडेला खोचायचा, कडेचे गवत मध्याकडे ढकलायचे, सगळ्या बाजूंनी असे केले की पटरच्या तळाने हलकेच थापटायचे. दहा सेकंदांचे काम. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, निघताना आपल्या पावलांवर दाताळे फिरवणेही तसेच. फेअरवेवर उडालेल्या ढलपीची जागा आपल्याकडच्या दुर्वांसारख्या गवतात वाळू भरून बुजवलेली बरी, कारण उपटलेली ढलपी परत ठेवली तरी बहुधा रुजत नाही.

वेळ वाया जातो तो याच्या आगेमागे. हिवाळ्यात सकाळी ग्रीनवर दव असते आणि चेंडू त्यात स्वच्छ रेघ ओढत जातो. पहिल्याने पट केला की उतार किती, चेंडू कुठे वळतो, हे त्या रेघेत लिहिलेलेच असते. तरी दुसरा खाली बसून, एक डोळा मिटून, होलच्या चारही बाजूंनी फिरून तेच शोधतो. मग चौघेही होलशेजारी उभे राहून हिशेब करतात: “पाच की सहा?” “झाडामागचा धरला का?” स्कोअर पुढच्या टीवर लिहायचा, ग्रीनवर नाही, आणि बॅग पुढच्या टीच्या बाजूला ठेवूनच ग्रीनवर चढायचे, हे दोन नियम कोणत्याही पुस्तकात दंडाला पात्र नाहीत, पण सर्वांत जास्त मिनिटे तेच वाचवतात.

पुढे जाऊ का?

मागच्या गटाने पुढच्याला सांगायचे कसे, हा पुण्यातला खरा अवघड भाग. पुढे सत्तरीतले निवृत्त कर्नल, मागे तिशीतले सॉफ्टवेअरवाले. ‘काका’ म्हटले तर कर्नलसाहेबांचे बिनसते. ‘सर’ म्हणावे तर आवाज पोचत नाही. म्हणून निरोप कॅडीमार्फत, म्हणजे बॅग वाहणाऱ्यामार्फत, जातो. मागचा कॅडी पुढच्या कॅडीला खूण करतो, आणि तो बॅगेची पट्टी सावरत, कोणाकडेही न बघता म्हणतो, “साहेब, मागचे उभे आहेत.” साहेब मनात आले तर हात करतात. नाही आले तर, “उभे राहू देत. वर्गणी आम्हीपण भरतो.”

वर्गणीचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण गैरलागू आहे. पुढे जाऊ देण्यात कोणाचा मान जात नाही आणि वेळही फारसा जात नाही. बाजूला झालेला गट मागचे दडपण गेल्याने बहुतेक वेळा बरेच खेळतो. अट एकच: पुढे जाण्याइतकी पुढे जागा हवी. सगळे मैदानच तुंबले असेल तर पुढे जाऊन मागचे पुन्हा उभेच राहणार.

न बोलता चेंडू मारून आठवण करून देणे मात्र अक्षम्य. चेंडू सुमारे ४६ ग्रॅमचा असतो आणि सामान्य खेळाडूचा ड्राइव्हही ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो. चुकून तो कोणाच्या दिशेने गेला तर जोराने ‘फोर!’ ओरडायचे. येरवड्यात डोक्यावरून लोहगावच्या हवाईदलाचे विमान जात असेल तर ती ओरडही कोणाला ऐकू जात नाही, हे लक्षात ठेवूनच मारावे.

पावसाळा

जून ते सप्टेंबर रफमधले, म्हणजे फेअरवेबाहेरचे, गवत वाढते आणि डोळ्यांदेखत पडलेला चेंडू सापडत नाही. चेंडू हरवल्याची शंका असेल तर ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) असे स्पष्ट सांगून दुसरा चेंडू तिथूनच मारावा. तीन मिनिटे शोधून टीवर परत चालत जाण्याची वेळ येत नाही. क्लबला वाटल्यास रोजच्या खेळासाठी एक स्थानिक नियमही लावता येतो: दोन फटक्यांचा दंड घ्यायचा आणि चेंडू हरवला त्या बाजूला फेअरवेच्या कडेला नवा टाकून पुढे जायचे. जागतिक हँडिकॅप पद्धतीतही (हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सवलत) होलवरचा गुण ठरावीक मर्यादेपुढे मोजला जात नाही, म्हणजे हँडिकॅपपुरते खेळणाऱ्याने त्या मर्यादेला चेंडू उचलून खिशात टाकला तरी नुकसान काही नाही. तरी आठव्या फटक्यानंतर नववा, नवव्यानंतर दहावा मारणारे असतातच. चिखलाने जड झालेले बूट ओढत, पॅंटच्या पोटऱ्यांवर कुसळे घेऊन.

कॅडी

पाच तासांच्या फेरीत सर्वांत जास्त गमावतो तो बॅग वाहणारा. कॅडीला पैसे फेरीचे मिळतात, तासांचे नाहीत. सकाळी लवकर निघालेला गट वेळेत परतला तर दुपारची दुसरी फेरी हाती लागू शकते. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी एक-दीडनंतर निघालेल्यांनी रेंगाळायचे ठरवले तर शेवटचे होल अंधारात. चेंडू कुठे पडला ते साहेबांना दिसत नाही. कॅडीला आवाजावरून कळते. तो त्या दिशेने आधीच चालू लागलेला असतो.