बार लावला की डोकं चालतं?

तुर्भ्याच्या भाजी मार्केटात पहाटे गाड्या खाली करणारा माथाडी असो की महापे-रबाळ्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा ऑपरेटर, तंबाखूचं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘बार लावल्याशिवाय डोकं चालत नाही.’ तो खोटं बोलत नाही. त्याचं डोकं खरंच चालत नसतं. फक्त ते बंद कुणी पाडलं, हे विचारायचं राहून जातं.

आधी तळहातावर काय चालतं ते बघू. चिमूटभर तंबाखू, नखावर घेतलेला ओला चुना, अंगठ्याने मळणं, दोन थापा मारून भुकटी उडवणं आणि गोळी ओठाच्या आत. यातला चुना चवीपुरता नसतो. निकोटिन सौम्य अल्कधर्मी आहे. लाळेचा सामू (आम्ल-अल्क मोजण्याचं माप, pH) ७ च्या आसपास असतो तेव्हा त्याच्या दर दहा रेणूंपैकी साधारण नऊ विद्युतभारित असतात आणि तोंडातलं अस्तर असे रेणू सहजी आत घेत नाही. चुन्याने सामू ९ वर गेला की गणित उलटतं: दहातले नऊ रेणू भाररहित होतात आणि गालातून थेट रक्तात उतरतात. प्रयोगशाळेत पाय न ठेवता कुणी हे जमवलं कोण जाणे, पण काम चोख आहे.

सिगारेटमधलं निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोहोचतं. तंबाखूची गोळी सावकाश काम करते, रक्तातली पातळी टिपेला जायला अर्धा तास लागतो. मात्र ती उतरतेही सावकाश. ‘मी ओढत नाही, नुसती खातो’ यात मेंदूला फारसा दिलासा नाही.

मेंदूतल्या पेशी ॲसिटिलकोलीन या रसायनाने एकमेकींना निरोप देतात. ते ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागांवर, जाऊन बसतं, तिथेच निकोटिनही बसतं. (पेशींवर असं काही ग्रहण करणारं द्रव्य असावं, ही कल्पना केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी १९०५ साली मांडली, तीही निकोटिनचेच प्रयोग करताना.) ग्राही चेतले की बरं वाटायला लावणारं डोपामाइन हे रसायन स्रवतं, तरतरी येते, लक्ष लागतं. रोजच्या माऱ्याने हे ग्राही बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो. आता निकोटिन नसलं की चिडचिड, अस्वस्थपणा, कामात लक्ष न लागणं. पुढचा बार हीच अडचण तात्पुरती दूर करतो आणि आपण त्याला हुशारी समजतो. खिसा कापून त्यातलेच दहा रुपये चहाला देणाऱ्याला दिलदार म्हणावं, तसं.

निकोटिनची रक्तातली पातळी साधारण दर दोन तासांनी निम्मी होते. आठ तास झोपलेल्या माणसाच्या रक्तात ती सोळाव्या हिश्शावर येते. उठल्या उठल्या हात डबीकडे जातो तो म्हणून.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले जवळजवळ एक चतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखू घेताना आढळले; ओढणारे चार टक्केही नव्हते. दात घासायला म्हणून मिश्री लावणाऱ्या बायकाही यात आल्या, आणि ‘आम्ही कुठे तंबाखू खातो?’ असं त्यांच्याकडून हमखास ऐकू येतं. गुटखा २०१२ पासून राज्यात बंद आहे. त्यातली सुपारीही निरुपद्रवी नाही, तिच्यातलं ॲरेकोलिन मेंदूवर स्वतंत्र परिणाम करतं. पोरांची गोष्ट अधिक गंभीर. निर्णय घेणारा, मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. दहावी-बारावीत लागलेली सवय नेमकी त्याच काळात घुसते.

सोडताना पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. तलफ, डोकेदुखी, उडालेली झोप, घरच्यांवर डाफरणं. पुढे दोन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. सिगारेट सोडलेल्यांच्या मेंदूच्या तपासणीत वाढलेले ग्राही सहा ते बारा आठवड्यांत पूर्ववत झालेले दिसले आहेत. सल्ल्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक आहे, तो निःशुल्क आहे.

तंबाखू सोडायला औषध म्हणून निकोटिनची गोळी (गम) चघळणार असाल तर ती च्युइंगगमसारखी सतत चावू नका. थोडी चावून गालात दाबून ठेवा. गिळलेलं निकोटिन फारसं उपयोगी पडत नाही, उलट पोटात मळमळतं. आणि त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी, सरबत किंवा कोल्ड्रिंक नको. त्यातल्या आम्लाने तोंडातला सामू खाली येतो आणि औषध तोंडातच अडकून राहतं.