केशरी आणि निळ्याच्या मध्ये राखाडी का येतो?

नागपूरवरच्या एका व्हिडिओचं शीर्षक करायचं आहे. पडद्यावर ब्रशने ‘नागपूर’ उमटत जावं आणि उमटता उमटता रंग संत्र्याच्या केशरीवरून अंबाझरी तलावावरच्या आकाशाच्या निळ्यावर जावा, एवढीच मागणी. आफ्टर इफेक्ट्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे सहज होतं. पण पहिल्या खेपेला अक्षरं निर्जीव वाटतात आणि रंग मध्येच मळकट होतो. दोन्हींचं कारण एकच. सुरुवात आणि शेवट आपण सांगतो. मधलं सगळं सॉफ्टवेअर सरळ भागाकार करून भरतं.

ब्रशची रेघ सॉफ्टवेअर एक मार्ग म्हणून साठवतं. रेघ कुठवर दिसावी हे ‘एंड’ नावाचा आकडा ठरवतो: त्याची किंमत ० असेल तर रेघ दिसत नाही, १०० झाली की पूर्ण दिसते. दोन सेकंदांत, सेकंदाला २५ फ्रेम्सच्या हिशेबाने, प्रत्येक फ्रेमला रेघ बरोबर २ टक्के पुढे सरकते. ‘ना’चा सरळ काना असो की ‘पू’खालचा ऊकार, वेग तोच.

हात असा चालत नाही. १९८३ साली लाक्वानिती, तेर्झुओलो आणि विवियानी या संशोधकांनी दाखवलं की वळण जितकं आवळलेलं, तितका हात मंदावतो, आणि त्याला प्रमाण आहे: वेग वळणाच्या त्रिज्येच्या घनमुळाप्रमाणे बदलतो. त्रिज्या आठपट लहान, तर वेग निम्मा. मला याहून विलक्षण वाटतो तो पुढचा शोध. याच नियमाने वेग बदलत फिरणारा ठिपका बघणाऱ्याला एकसारख्या वेगाने फिरतोय असं वाटतं. खरोखर एकाच वेगाने फिरणारा ठिपका मात्र तसा वाटत नाही. लिहिणाऱ्या हाताची सवय बघणाऱ्या डोळ्यातही असते. म्हणून ऊकाराच्या वळणावर जादा की-फ्रेम (म्हणजे किंमत आपण स्वतः ठरवून दिलेली फ्रेम) टाकून रेघ रेंगाळू द्यावी आणि कान्यावर सोडून द्यावी. शिरोरेघेचा स्ट्रोक वेगळा ठेवून शेवटी ओढावा, आपण वहीत ओढतो तसाच.

आता रंग. पडद्यावरचा प्रत्येक रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले तीन आकडे. केशरी २५५, १२८, ० धरा आणि आकाशी निळा ०, १२८, २५५. यांची सरासरी काढा: तिन्ही आकडे १२८च्या आसपास. तिन्ही सारखे म्हणजे राखाडी! सॉफ्टवेअरचं गणित चोख आहे. हे दोन रंग रंगचक्रावर समोरासमोर बसतात, म्हणून मधली सरळ वाट केंद्रातून, म्हणजे रंगहीन जागेतून जाते.

उपाय चक्राच्या कडेने जाण्याचा. केशरी ३० अंशांवर, हा निळा २१० वर. दोन्ही बाजूंनी अंतर सारखंच, १८० अंश. एका बाजूने गेलात तर वाटेत हिरवा लागतो, दुसऱ्या बाजूने गुलाबी-जांभळा. संध्याकाळ दाखवायची असेल तर गुलाबीच घ्यावा आणि त्याची तिसरी की-फ्रेम मध्यावर ठेवावी.

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअरच्या रंग निवडायच्या खिडकीत दिसत नाही. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांचाही ‘ब्राइटनेस’ तिथे १०० दाखवतो. प्रत्यक्षात पडद्यावर पिवळ्याची उजळता निळ्याच्या जवळपास १३ पट असते. त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर पिवळं ‘नागपूर’ ठसठशीत दिसेल, गडद निळं वाचताही येणार नाही. ॲनिमेशन एकदा रंग काढून, नुसतं कृष्णधवल चालवून पाहावं. शब्द जिथे पार्श्वभूमीत विरघळतो, त्या फ्रेमवरचा रंग उजळ करावा.