रीच (मराठवाड्यातील बाजार आणि प्रसिद्धी)

रीच : समाजमाध्यमावर टाकलेली चित्रफीत, फोटो किंवा मजकूर किती वेगवेगळ्या लोकांच्या मोबाइलवर उमटला, त्याची मोजणी. शब्द मूळ जाहिरात व्यवसायातला. मराठवाड्यात तो मोंढ्यापासून, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारापासून, कीर्तनाच्या मांडवापर्यंत सर्रास ऐकू येतो. ‘या रीलला रीच आली’, ‘आता पहिल्यासारखी रीच नाही राहिली’ असे त्याचे रोजचे प्रयोग. जुन्या बाजारात याच जागी ‘पत’ हा शब्द होता. पत वर्षानुवर्षांच्या देण्याघेण्यातून बसे आणि ती देणारी माणसे ओळखीची असत. रीच एका रात्रीत येते, आणि ती का आली हे ज्याला मिळाली त्यालाही नीट सांगता येत नाही.

रीच ठरवतो अल्गोरिदम, म्हणजे कोणापुढे काय ठेवायचे याचा हिशेब करणारी गणिती नियमांची साखळी. इन्स्टाग्रामवर पूर्वी ज्या क्रमाने पोस्ट पडे त्या क्रमाने ती दिसे. २०१६ मध्ये हा क्रम जाऊन आवडीच्या अंदाजाने मांडणी होऊ लागली. यूट्यूबने त्याआधीच, २०१२ मध्ये, नुसत्या क्लिकपेक्षा पाहण्यात गेलेल्या वेळेला महत्त्व दिले. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सर्वांत वजनदार अशा तीन गोष्टी सांगितल्या : पाहण्याचा वेळ, लाईक आणि दुसऱ्याला पाठवणे. सांगितलेली गोष्ट खरी आहे का, हे या तिन्हींपैकी एकाही मापात येत नाही. संतापून लिहिलेली कमेंटसुद्धा हिशेबात कमेंटच धरली जाते.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांत हा व्यवहार रुजला तो स्वस्त डेटामुळे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत मोबाइलवर चित्रफीत पाहणे खेड्यापाड्यांत नेहमीचे झाले. टिकटॉकने गावातल्या पोरांना कॅमेऱ्यापुढे आणले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. जमवलेले फॉलोअर एका दिवसात गेले. ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील आणले आणि बरीच मंडळी तिकडे वळली. या सगळ्यात एक फार चांगली गोष्ट घडली. ‘काय करायलास?’, ‘कुठं जायलाव’ ही बोली पुण्या-मुंबईत गेल्यावर गिळून टाकायची असते, असे आमच्या पिढीने मानले होते. ती आता ताठ मानेने बोलली जाते. मात्र हशा मिळतो म्हणून ती भडक करून वापरण्याची सवयही लागली आहे, आणि घरात कोणी बोलत नाही इतकी गावरान बोली पडद्यावर ऐकू येते.

प्रसिद्धीची वाटही बदलली. पूर्वी इथला कलावंत नाटकातून वर येई. औरंगाबादेतल्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही मंडळी मुंबईला गेली, तीही तालमीची कैक वर्षे घालून. २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’चे पाचवे पर्व सूरज चव्हाण यांनी जिंकले. ते बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचे, टिकटॉकवरून घराघरांत पोहोचलेले. सूत्रसंचालक रितेश देशमुख मात्र लातूरच्या राजकीय घराण्यातले. तालुक्याच्या ठिकाणी आज मोबाइलच्या दुकानाची फीत कापायला रीलमधला चेहरा बोलावतात आणि गर्दी सेल्फीसाठी त्याला ‘दादा’ म्हणून हाक मारते. रोज पाहून पाहून तो आपलाच वाटतो. अशा एकतर्फी जवळिकीचे वर्णन डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्ये दूरचित्रवाणीच्या संदर्भात केले होते. त्या वेळी पडद्यावरचा माणूस दूरच्या शहरातला असे. आता तो शेजारच्या गावचा असतो आणि आपल्याच बोलीत खत, साडी, मटणथाळी सुचवतो, म्हणून त्याचा शब्द अधिक पटकन पटतो.

खरेदीतला फरक पाहायचा तर लग्नाचा बस्ता पाहावा. बस्ता बांधायला गावाकडून जीप भरून माणसे येत. गादीवर साड्यांचा ढीग पडे आणि एखादी आत्या न बोलता पैठणीचा पदर उलटा करून बघे. हातमागावरच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. यंत्रमागावरच्या साडीत मागे तरंगते किंवा कापलेले धागे असतात. पैठणचा विणकर एका साडीला कित्येक आठवडे, नक्षी दाट असेल तर महिने देतो, आणि त्याच्या कष्टाची खूण त्या मागच्या बाजूवर असते. आता संध्याकाळी दुकानात रिंगलाइट लागतो, दुकानदार लाइव्ह येतो : ‘ताई, आवडली की स्क्रीनशॉट काढा, व्हॉट्सअ‍ॅपला टाका, एकच पीस आहे.’ साडी खांद्यावर येते, दोन सेकंद झळकते, उतरते. दिसते ती सरळ बाजू. दोन सेकंदांत हातमाग आणि यंत्रमाग सारखेच चमकतात, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तुलनेत पैठणचा माणूस महागडा ठरतो. नवरी दुकानात आली तरी मोबाइल पुढे करते : ‘मामा, हीच दाखवा.’ दुकानदारही सुरतेचा माल भरताना ट्रेंड कशाचा आहे हे आधी पाहतो.

शेतीच्या निविष्ठांत, म्हणजे बियाणे, खते, औषधे यांत, हे अधिक महागात पडते. सोयाबीन फुलोऱ्यात आले, पाने पिवळी दिसू लागली, की शेतकरी मोबाइलवर ‘पिवळा मोझॅक’ शोधतो. त्यानंतर आठवडाभर त्याच्यापुढे टॉनिकच टॉनिक येते : फुलगळ बंद, शेंगाच शेंगा, एकरी विक्रमी उतारा. वास्तविक हा विषाणुजन्य रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. रोगट झाड फवारणीने बरे होत नाही. ते उपटून नष्ट करायचे आणि माशी आवरायची, एवढेच हातात असते. हे सांगणारी चित्रफीत निराश करते, म्हणून अर्ध्यात सोडली जाते आणि मागे पडते. चमत्कार सांगणारी शेवटपर्यंत पाहिली जाते, भावाला पाठवली जाते. टॉनिक म्हणून विकली जाणारी जैवउत्तेजके फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली, पण रीलमधल्या दाव्यावर तेवढ्याने वचक बसलेला दिसत नाही. कृषी सेवा केंद्रवाला काही संत नव्हता, कंपनीच्या स्कीमचा मोह त्यालाही होता. तरी त्याची उधारी सुगीनंतर वसूल व्हायची असे. औषध फसले तर तोच शेतकरी दिवाळीला त्याच्या काउंटरपुढे उभा राहणार, हे त्याला पक्के ठाऊक असे. पडद्यावरच्या सल्लागाराला या भेटीची धास्ती नाही.

हाच पडदा उत्पादकाला थेट गिऱ्हाईकही देतो, हे नोंदवायलाच हवे. भौगोलिक मानांकन मिळालेला मराठवाड्याचा केसर आंबा, बीडचे सीताफळ, जालन्याची मोसंबी यांच्या बागायतदारांना बागेतून रील टाकून शहरातल्या घरांची मागणी घेता येते. तिथे दलालाची गरज उरत नाही.

कायद्याची बाजू अशी : भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी, म्हणजे समाजमाध्यमावरून वस्तू सुचवणाऱ्यांसाठी, नियम केले आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शिका काढली. पैसे, भेटवस्तू किंवा फुकट सेवा घेतली असेल तर ती जाहिरात आहे हे ठळकपणे सांगणे बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते. त्यासाठी पक्की पावती, औषधाची बाटली किंवा साडीचे लेबल आणि चित्रफितीचा तारखेसह स्क्रीनशॉट जपावा लागतो, तोही वेळेवर. कारण पीक हाती येईपर्यंत बनवणाऱ्याने रील काढून टाकलेली असू शकते.