कुंडीत नुसती लाल माती भरण्याआधी एवढं वाचा

(गच्चीवर, गॅलरीत भाजी लावणाऱ्या आमच्या रोपवाटिकेच्या ग्राहकांसाठी)

जूनमध्ये मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपं न्यायला गर्दी होते. जुलै अर्धा सरला की त्यातलेच काहीजण परत येतात, "तुमची रोपं कच्ची होती" म्हणून. आम्ही वाद घालत नाही. कुंडी घेऊन या म्हणतो आणि इथेच पालथी करतो. बहुतेक वेळा विटेसारखा लाल गोळा बाहेर पडतो, मुळं तपकिरी, कुजलेली. तंदुरुस्त मूळ पांढरं असतं.

पुण्यात पायाखाली सगळी काळी माती, म्हणून आपल्याला तांबडीचं भारी कौतुक. त्यात ती स्वस्त. "शेतात मातीच असते ना, मग कुंडीत काय बिघडतं?" हा प्रश्न आम्हाला रोज येतो. शेतात मातीला खोली असते, गांडुळं ती भुसभुशीत ठेवतात, जास्तीचं पाणी खाली मुरून जातं. कुंडीला तळ आहे. रोज वरून पाणी पडलं की बारीक कण घट्ट बसतात. पावसाळ्यात पाणी आत अडकतं, मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात उलटं होतं. माती सुकून आक्रसते, कुंडीच्या कडेला फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट बशीत उतरतं. तुम्हाला वाटतं झाड पाणी प्यायलं. मधला गोळा कोरडाच! शिवाय आमची रोपं ट्रेमध्ये कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, वाढलेली असतात. त्यांची कोवळी मुळं असल्या घट्ट मातीत शिरतच नाहीत. तळाला विटांचे तुकडे घालून यातलं काहीही सुटत नाही. भोकावर एक खापर पुरे.

आम्ही भरतो ते असं: एक भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग भिजवलेलं कोकोपीट आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. शेण ताजं नको, त्यातून हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) येते. मूठभर ओलं मिश्रण दाबून पाहा: गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा. घरी आणलेली लाल माती फेकू नका, तीच यातला एक भाग.

"तयार मिश्रण महाग लावता" हेही ऐकतो. माती चाळणं, कोकोपीट धुऊन त्यातला खार काढणं, सगळं एकसारखं कालवणं, ही अंगमेहनत आहे. वजनाचंही बघा. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माल बसतो; नुसती माती भिजली की तीच कुंडी २५ किलोच्या आसपास जाते. अशा वीस कुंड्या गच्चीवर ठेवल्या की सोसायटीचे सेक्रेटरी वर येणारच. घरी कालवायला वेळ असेल तर जरूर कालवा; कोकोपीटची वीट आणि पेंड सुटीही मिळते.

बाकी थोडक्यात. फळभाजीला पाच-सहा तास ऊन हवं, पालेभाजी तीन-चार तासांवर भागवते. पहिल्यांदाच लावत असाल तर मेथीपासून सुरुवात करा. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात भाजीला येते. मात्र भर पावसात उघड्यावर मेथी सडते, तेव्हा भेंडी लावा. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन करा आणि आठ-दहा दिवस उकरून बघू नका. (बघतात!) पाणी घड्याळ बघून घालू नका, बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच घाला.

रोप आठ दिवसांत गेलं तर आम्ही बदलून देतो, पण कुंडीसकट आणा. फोटोवरून मूळ दिसत नाही. आणि कुंड्या आधी भरून ठेवा, मगच रोपं न्यायला या. ट्रेमधून काढलेलं रोप पिशवीत दोन दिवस राहिलं तरी मान टाकतं.