फॉस्फेटमुळे शेवाळ येतं? नाही हो!

प्लान्टेड टँकमध्ये, म्हणजे जिवंत झाडं लावलेल्या फिश टँकमध्ये, शेवाळ आलं की पहिला सल्ला ठरलेला, खत बंद करा, त्यातलं फॉस्फेट वाढलंय. हे खूळ बरंच जुनं आहे, १९९६ मध्ये पॉल सीअर्स आणि केविन कॉनलिन यांनी मांडलं होतं की फॉस्फेट कमी ठेवलं की शेवाळ आटोक्यात राहतं, आणि तेव्हापासून लोक तेच धरून बसलेत. पुढे पाण्यातल्या झाडांचा जाणकार टॉम बार याने उलटं करून दाखवलं, झाडं भरपूर असलेल्या टँकमध्ये मुद्दाम नायट्रेट-फॉस्फेट घातलं, दर आठवड्याला ५०% पाणी बदललं, तरी शेवाळ नाही!

उलट काचेवर ते हिरवे कडक ठिपके येतात ना, ते बऱ्याचदा फॉस्फेट कमी पडल्यावरच येतात. मी पण खत बंद करून बघितलंय, झाडं उपाशी, जुनी पानं पिवळी, आणि त्याच मरतुकड्या पानांवर शेवाळ मजेत.

मग बघायचं काय? आधी लाईट. दहा-बारा तास चालू असेल तर सहा-सातवर आणा. झाडांसाठी पाण्यात सोडतो तो सीओटू (कार्बन डायऑक्साइड) रोज वरखाली होत असेल तर काळी दाढी, म्हणजे केसाळ काळं शेवाळ, बऱ्याचदा येतं. आणि नवीन टँकमध्ये अमोनिया असतो, त्यानेही शेवाळ येऊ शकतं, तिथे जरा दम धरा, पाणी बदलत राहा, सडकी पानं कापून टाका.