चारशेची सरासरी (बेसबॉल)

बेसबॉलच्या पूर्ण हंगामात फलंदाजाने दर दहा पाळ्यांमागे किमान चार हिट मिळवण्याची कामगिरी. हा आकडा दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत, म्हणजे .४०० असा लिहितात आणि नुसता ‘चारशे’ असा वाचतात. अमेरिकेतील नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग या दोन प्रमुख व्यावसायिक लीगमध्ये विसाव्या शतकात आठ फलंदाजांनी मिळून तेरा वेळा हा पल्ला गाठला. तेरावी वेळ १९४१ सालची, बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सची. त्यानंतर या दोन्ही लीगमध्ये ते कोणालाही जमलेले नाही.

क्रिकेटची सरासरी मनात ठेवून हा आकडा वाचला तर घोटाळा होतो. क्रिकेटमध्ये धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतात. बेसबॉलमध्ये धावांचा इथे संबंधच नाही. चेंडू मैदानात मारून, क्षेत्ररक्षकाच्या चुकीचा आधार न घेता, फलंदाज किमान पहिल्या बेसवर (धाव पुरी करण्यासाठी गाठायच्या चार ठाण्यांपैकी पहिल्या ठाण्यावर) सुखरूप पोहोचला की ती हिट. हिटच्या संख्येला अधिकृत पाळ्यांनी (त्यांना ‘अ‍ॅट-बॅट’ म्हणतात) भागले की सरासरी निघते. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार वाईट चेंडू टाकल्यामुळे फुकट मिळालेला पहिला बेस (‘वॉक’) पाळीत धरत नाहीत. चेंडू अंगावर बसून बेस मिळाला तरी तसेच. मोठ्या लीगमध्ये .३०० ची सरासरी राखणारा फलंदाज उत्तम मानला जातो, आणि तोसुद्धा दहातून सात वेळा हात हलवतच परततो. ५०० पाळ्यांच्या हंगामात .३०० म्हणजे १५० हिट आणि .४०० म्हणजे २००. फरक पन्नास हिटचा, सुमारे सहा महिन्यांच्या हंगामात आठवड्याला दोन. ऐकायला किरकोळ वाटणाऱ्या या दोन हिटसाठी थोर थोर फलंदाजांचे आयुष्य सरले.

तेरा हंगाम

पहिला मान नॅप लाजोईचा. १९०१ मध्ये अमेरिकन लीगने प्रथमच प्रमुख लीग म्हणून हंगाम खेळवला. जुन्या नॅशनल लीगमधून फुटून आलेल्या लाजोईने कॉनी मॅक यांच्या फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स संघाकडून .४२६ ची सरासरी नोंदवली. तो मोठा फलंदाज होता यात वाद नाही, पण परिस्थितीही त्याच्या बाजूची होती. नव्या लीगमधले बरेच पिचर कच्चे होते. शिवाय फाउल, म्हणजे बॅटीला लागून रेषेबाहेर गेलेला चेंडू स्ट्राइक (तीन झाल्या की फलंदाज बाद) धरण्याचा नियम नॅशनल लीगने त्याच वर्षी आणला, अमेरिकन लीगने मात्र १९०३ मध्ये. तोवर चांगली नजर असलेला फलंदाज नको ते चेंडू फाउल मारत मनासारख्या चेंडूची वाट पाहू शकत होता.

पुढची नऊ वर्षे कोरडी गेली. ही ‘मेलेल्या चेंडू’ची दशके. एकच चेंडू मळून, मऊ पडून, काळा होईपर्यंत वापरत, आणि त्यावर थुंकी लावून टाकणेही नियमात बसत असे. अशा काळात डेट्रॉइट टायगर्सच्या टाय कॉबने १९११ मध्ये .४२० आणि १९१२ मध्ये .४०९ अशी लागोपाठ दोनदा चारशेची सरासरी राखली. कॉब बॅट धरताना दोन हातांत अंतर ठेवी आणि चेंडू आला की वरचा हात खाली किंवा खालचा हात वर सरकवून फटका ठरवी. जोरापेक्षा जागा शोधण्यावर त्याचा भर होता. चेंडू जवळच पडला तरी पाय इतके चपळ की तो बेस गाठायचा. क्लीव्हलँडच्या जो जॅक्सनने १९११ मध्ये, आपल्या पहिल्याच पूर्ण हंगामात, .४०८ ची सरासरी मिळवली आणि तरीही कॉबमुळे तो दुसराच राहिला. दक्षिण कॅरोलायनातल्या कापड गिरणीत लहानपण घालवलेला हा निरक्षर तरुण पुढे १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमधील, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेतील, सामनेनिश्चितीच्या प्रकरणात अडकला आणि त्याच्यावर आजन्म बंदी आली. ही बंदी त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी, २०२५ मध्ये उठली.

ऑगस्ट १९२० मध्ये क्लीव्हलँडचा रे चॅपमन डोक्यावर चेंडू बसून मरण पावला. मळका चेंडू त्याला दिसलाच नसावा, असे अनेकांना वाटले. त्यानंतर पांढरे, ताजे चेंडू सतत बदलून वापरण्याची पद्धत पक्की झाली. थुंकीच्या चेंडूवर त्या वर्षीच निर्बंध आले होते. याचा फायदा बेब रूथने होम रनसाठी (चेंडू थेट मैदानापार मारून धाव घेण्यासाठी) उठवला हे सर्वश्रुत आहे. चारशेच्या यादीत मात्र रूथचे नाव नाही. १९२३ मध्ये .३९३ इतक्यावर त्याची धाव थांबली. यादी भरली ती इतरांनी. सेंट लुइस ब्राउन्सच्या जॉर्ज सिसलरने १९२० मध्ये .४०७ आणि १९२२ मध्ये .४२० ची सरासरी राखली. १९२० च्या त्याच्या २५७ हिटचा विक्रम २००४ पर्यंत टिकला, तो इचिरो सुझुकीने मोडला. १९२२ नंतर सायनसच्या विकाराने सिसलरच्या डोळ्यांवर परिणाम झाला, एकाचे दोन दिसू लागले आणि १९२३ चा अख्खा हंगाम बुडाला. परतल्यावरही तो चांगला खेळला, पण पहिला सिसलर पुन्हा दिसला नाही.

त्याच शहरातल्या कार्डिनल्स संघाचा रॉजर्स हॉर्न्सबी हा या यादीतला सर्वांत सातत्याचा माणूस. १९२२ मध्ये .४०१, १९२४ मध्ये .४२४, १९२५ मध्ये .४०३, आणि १९२१ ते १९२५ या पाच वर्षांची मिळून सरासरी .४०२. नजर शाबूत राहावी म्हणून तो चित्रपट पाहत नसे, वाचनही टाळत असे. डेट्रॉइटच्या हॅरी हाइलमनने १९२३ मध्ये .४०३ मिळवले आणि न्यूयॉर्क जायंट्सच्या बिल टेरीने १९३० मध्ये .४०१. टेरीच्या वर्षी संपूर्ण नॅशनल लीगचीच सरासरी .३०३ होती, त्यामुळे त्याचा आकडा या मालिकेत थोडा हलका धरावा लागतो.

कॉबचे तिसरे चारशे (१९२२, .४०१) वादग्रस्त आहे. न्यूयॉर्कच्या एका पावसाळी सामन्यात त्याचा एक फटका अधिकृत नोंदकाराने क्षेत्ररक्षकाची चूक म्हणून लिहिला, तर वृत्तसंस्थेच्या वार्ताहराने हिट म्हणून. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी वार्ताहराची नोंद ग्राह्य धरली. ती एक हिट नसती तर कॉब चारशेच्या आत राहिला असता. १९११ ची त्याची सरासरीही नव्या मोजणीत .४१९ भरते. जुन्या वह्यांवर उभ्या असलेल्या या आकड्यांना शेवटच्या स्थळापर्यंत दगडावरची रेघ मानू नये.

२८ सप्टेंबर १९४१

विल्यम्स त्या वर्षी ऑगस्टअखेर तेवीस वर्षांचा झाला होता. शेवटच्या दिवशी फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कवर लागोपाठ दोन सामने होते आणि त्याच्या खात्यावर ४४८ पाळ्यांत १७९ हिट होत्या. हिशोब .३९९५५. तीन स्थळांपर्यंत पूर्णांकन केले की .४००. न खेळता बसला असता तरी पुस्तकात चारशे लिहिले गेले असते, आणि व्यवस्थापक जो क्रोनिनने त्याला तसे विचारलेही. विल्यम्सने खेळायचे ठरवले. थंडी होती, आभाळ भरलेले होते. अ‍ॅथलेटिक्सचा यष्टिरक्षक, म्हणजे कॅचर, फ्रँकी हेजने त्याला पहिल्या पाळीलाच सांगितले की तुला सोपे चेंडू टाकायचे नाहीत, अशी आमच्या मॅकसाहेबांची ताकीद आहे. ही आठवण विल्यम्सनेच पुढे सांगितली. पहिल्या सामन्यात पाचपैकी चार हिट, त्यांत एक होम रन. काम फत्ते झाले होते. तरी दुसऱ्या सामन्यातही तो उतरला आणि तीनपैकी दोन मिळवल्या. एकूण ४५६ पाळ्या, १८५ हिट, .४०६.

ताकीद देणारे मॅक म्हणजे तेच कॉनी मॅक. विसाव्या शतकातले पहिले चारशे ज्यांच्या संघाकडून मारले गेले, त्यांच्याच डोळ्यांदेखत, त्यांच्याच मैदानावर शेवटचे पूर्ण झाले. मधल्या चाळीस वर्षांत संघाची सूत्रे त्यांच्याच हाती होती.

त्या हंगामात विल्यम्सने ३७ होम रन मारले आणि जवळजवळ दीडशे वॉक मिळवले. आधीच्या चारशेवाल्यांपैकी हॉर्न्सबी सोडला तर असा दणका कोणाच्याच बॅटीत नव्हता. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. उंच झेल देऊन बाद होतानाही बेसवरच्या सहकाऱ्याची धाव होऊ दिली, तर आज ती पाळी फलंदाजाच्या नावावर धरत नाहीत. १९४१ मध्ये धरत असत. आजच्या नियमाने त्याची सरासरी .४१० च्या आसपास गेली असती. तरीही वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान सलग ५६ सामन्यांत हिट मारणाऱ्या जो डिमॅजिओला मिळाला.

विल्यम्सच्या फलंदाजीचे सूत्र साधे होते : मारण्याजोगा चेंडू येईपर्यंत थांबा. स्ट्राइकच्या चौकटीत मावणारे ७७ चेंडू त्याने कोष्टकात मांडून प्रत्येक जागेवर आपली सरासरी किती पडेल ते लिहिले. मधोमध आलेल्या चेंडूवर .४००, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात .२३०. लढाऊ वैमानिक म्हणून दुसरे महायुद्ध आणि कोरियाचे युद्ध यांत त्याचे ऐन भरातले जवळजवळ पाच हंगाम गेले. १९५७ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याने .३८८ ची सरासरी राखली. ४२० पाळ्यांत १६३ हिट. आणखी पाच मिळाल्या असत्या तर दुसऱ्यांदा चारशे झाले असते, आणि तरुण पायांनी पाच जास्तीच्या हिट धावून सहज काढल्या असत्या.

हुकलेले

१९७७ मध्ये मिनेसोटा ट्विन्सचा रॉड कॅर्यू जुलैपर्यंत चारशेच्या वर होता; शेवटी .३८८ वर आला. कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने १९८० मध्ये सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत देशाला जागे ठेवले आणि .३९० वर संपवले. त्याला पाच हिट कमी पडल्या. सर्वांत हळहळ वाटते ती सॅन डिएगो पाद्रेसच्या टोनी ग्विनची. १९९४ मध्ये तो .३९४ वर आणि चढत्या लयीत असताना १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला, उरलेला हंगाम रद्द झाला. ४१९ पाळ्यांत १६५ हिट. तीन हिट हव्या होत्या आणि जवळजवळ दीड महिन्याचे सामने बाकी होते.

का हरवली?

रात्रीचे सामने, मोठे ग्लव्ह, दर दोन-तीन डावांनी येणारा ताजा पिचर, लांबचे प्रवास, होम रनचा हव्यास, अशी कारणे नेहमी सांगितली जातात आणि प्रत्येकात तथ्य आहे. पण सर्वांत समाधानकारक उत्तर हार्वर्डचे जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी दिले. सर्व फलंदाजांची मिळून सरासरी शतकभर .२६० च्या आसपास घुटमळत राहिली, असे त्यांनी दाखवले. ती फार घसरली की नियम बदलून सावरली जाते. १९६८ मध्ये अमेरिकन लीगचा अव्वल फलंदाज कार्ल यास्ट्रझेम्स्की अवघ्या .३०१ वर होता, तेव्हा पुढच्याच वर्षी पिचरच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली. बदलली ती सरासरीभोवतालची पसरण. फार वाईट फलंदाज लीगमध्ये टिकेनासे झाले, आणि सगळ्यांचाच खेळ सुधारल्यामुळे एकट्यादुकट्याला इतरांच्या फार वर जाणेही अशक्य होत गेले. चारशे हे त्या पसरणीचे वरचे टोक होते. पसरण आकसली, टोक दिसेनासे झाले. म्हणजे चारशे नाहीसे झाले ते फलंदाज वाईट झाले म्हणून नव्हे, तर सगळा खेळ चांगला झाला म्हणून.

याला अमेरिकेबाहेरचा पुरावा फार बोलका आहे. दक्षिण कोरियाची व्यावसायिक लीग १९८२ मध्ये सुरू झाली आणि त्या पहिल्याच हंगामात, जपानमध्ये मुरलेल्या बेक इन-चॉनने .४१२ मारले. तिथे पुन्हा कोणाला ते जमले नाही. जपानच्या जुन्या, घोटीव लीगमध्ये तर आजवर एकही चारशे नाही. रँडी बासचे १९८६ मधले.३८९ हा तिथला उच्चांक आहे. लीग नवखी आणि उंचसखल असते तेव्हा चारशे निघते. लाजोईचे १९०१ आणि बेकचे १९८२ शेजारी ठेवले की हे स्पष्ट दिसते, आणि बऱ्यापैकी घोटून निघालेल्या लीगमध्ये मारलेले विल्यम्सचे १९४१ किती वेगळ्या जातीचे होते तेही.

वर्णभेदाची भिंत

वरच्या तेराही हंगामांत एक समान उणीव आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनसाठी उतरेपर्यंत विसाव्या शतकात या दोन लीगची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होती. त्यांचे फलंदाज आणि, चारशेच्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे, त्यांचे पिचर निग्रो लीग या तत्कालीन नावाच्या वेगळ्या लीगमध्ये खेळत होते. त्यांतला सर्वांत धिप्पाड फटकेबाज होमस्टेड ग्रेजचा कॅचर जॉश गिब्सन. तो रॉबिन्सनच्या पदार्पणाआधी तीन महिने, जानेवारी १९४७ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारला.

१९६६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, दाखल होताना केलेल्या भाषणात विल्यम्सने गिब्सन आणि पिचर सॅचेल पेज यांची नावे घेऊन, संधी न मिळालेल्या या खेळाडूंना इथे जागा मिळावी, अशी इच्छा व्यक्त केली. पेजला १९७१ मध्ये ती मिळाली, गिब्सनला १९७२ मध्ये. १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीगना मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२० मध्ये प्रमुख दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत कोष्टकांत मिळवले. तिथले हंगाम छोटे होते, त्यामुळे सरासऱ्या उंच जाणे सोपे होते हे खरे. पण ते छोटे का होते हेही त्याच इतिहासात आहे. आता एका हंगामाच्या यादीत सर्वांत वर गिब्सनचे १९४३ मधले .४६६ आहे, आणि कारकिर्दीच्या सरासरीत त्याचे .३७२ कॉबच्या .३६७ च्या वर.