सरकारी युनिव्हर्सिटीत गेलं की पगार कमी? खुलासा

अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत अजून हेच ऐकू येतं, की पोरगं प्रिन्स्टन-येलसारखं प्रायव्हेट कॉलेज सोडून मिशिगनसारख्या मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत गेलं म्हणजे करिअर मागे पडलं. असं नाहीये हो. संशोधक स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी १९७६ साली कॉलेजात गेलेल्या मुलांचे पुढचे पगार तपासले, आणि सारखे मार्क्स, सारख्याच दर्जाच्या कॉलेजांत अर्ज आणि अ‍ॅडमिशन अशी मुलं शेजारी ठेवली तर नामांकित कॉलेजमुळे पगारात पडणारा फरक जवळजवळ उरलाच नाही! गरीब घरच्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजचा फायदा दिसला, ते महत्त्वाचं. २०२३ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी वगैरेंनाही सरासरी कमाईत खास फरक सापडला नाही, पण अगदी वरच्या १ टक्क्यात जायची शक्यता आयव्ही लीगसारख्या (प्रिन्स्टन, येल वगैरे जुन्या प्रायव्हेट कॉलेजांचा गट) कॉलेजांतून बरीच वाढते. म्हणून नुसत्या नावासाठी मोठं कर्ज काढू नका प्लीज.